राइप की मॅच्युअर: केळीच्या एका कंटेनरचं प्रकरण

"ऑल फ्रूट इज ग्रीन अँड प्रॉपरली राइप. रेडी फॉर लोडिंग."

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या एका पॅकहाउसमधून आखातातल्या एका खरेदीदाराला मे महिन्यात गेलेल्या मेलमधलं हे वाक्य. लिहिणारा पोरगा बीकॉम झालेला, इंग्रजी बरं आहे त्याचं, आणि व्याकरण म्हणून बघाल तर वाक्यात चूक काढायला जागा नाही. पण या एका ‘राइप’पायी त्या दिवशी लोडिंग थांबलं, आणि माल तिकडे पोचल्यावर हाच शब्द क्लेमच्या कागदात पुरावा म्हणून आमच्याच अंगावर आला. मी या भागातल्या काही पॅकहाउसवाल्यांचे एक्स्पोर्टचे मेल आणि कागद बघून देतो, म्हणून दोन्ही वेळेला फोन मलाच आला. नावं गाळतोय, बाकी प्रकरण जसं झालं तसं.

खरेदीदाराचा प्रश्न साधा होता, प्लीज कन्फर्म मॅच्युरिटी ऑफ द फ्रूट. पोरानं तो वाचला आणि आबांना, म्हणजे त्याच्या मोठ्या काकांना (पॅकहाउस त्यांचंच), हाक मारून विचारलं की आबा, तो विचारतोय माल कसाय. आबा बॉक्सच्या थप्पीजवळ उभे होते, तिथूनच म्हणले, "चांगला पिकेल माल आहे म्हणा त्याले, हिरवागार." आता आपल्याकडे ‘पिकेल’, म्हणजे पिकलेला, हा शब्द केवढी कामं करतो बघा. वावरात ज्वारी पिकते, कपाशी पिकते, तापीकाठी केळी पिकते, तिकडे आढीतला आंबाही पिकतो आणि डोक्यावरचे केसही पिकतात. आबांच्या डोक्यात पहिला अर्थ होता, माल वावरात चांगला झालेला आहे. पोरानं मोबाइलवर डिक्शनरी उघडली, ‘पिकलेला’ला समोर ‘राइप’ आलं, खाली ‘मॅच्युअर’ पण होतं पण ते त्याला माणसांसाठी वापरायचा शब्द वाटला, म्हणून पहिलाच उचलला आणि मेल सोडून दिला.

तासाभरात उत्तर आलं, होल्ड लोडिंग, वी डू नॉट ॲक्सेप्ट राइप फ्रूट, आणि सोबत मागणी की कोणतेही बॉक्स उघडून कॅलिपर (केळ्याची जाडी मोजायचं साधन) लावलेले फोटो पाठवा, केळं मधोमध कापून गराचा फोटो पाठवा, गराचं टेंपरेचर पण पाठवा. इकडे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर येऊन उभा, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि घड तर सकाळीच कापलेले.

पोरगा मला फोनवर म्हणतो, "सर, तो मंद आहे का, ग्रीन पण लिहिलंय ना मी, हिरवं केळं राइप कसं असेल?"

त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, पण समोरच्याची भीती समजून घ्यायची तर केळं आतून कसं चालतं ते बघावं लागतं. केळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की पुढे साधारण तीन-चार महिने फळ झाडावर भरत राहतं, त्यात स्टार्च साठत जातो, सुरवातीला केळ्याच्या कडा टोकदार असतात, आपण हातात धरलं की लागतात, आणि जसजसं भरतं तसतशा त्या कडा बोथट होऊन केळं गोल दिसायला लागतं. लांब पाठवायचा माल पूर्ण गोल होऊ देत नाहीत, ७५-८० टक्के भरला की कापतात. हे जे भरणं आहे ना, ते सगळं मॅच्युरिटीच्या खात्यात जातं. यात रंग बदलत नाही, गोडी येत नाही, केळं हिरवं आणि कडकच राहतं.

राइप होणं ही त्याच्या पुढची आणि वेगळी गोष्ट आहे. घड कापल्यावर केव्हातरी केळं स्वतःच इथिलीन नावाचा गॅस सोडायला लागतं, त्याचा श्वासोच्छ्वास एकदम वाढतो, स्टार्चची साखर होते, साल पिवळी पडते, गर मऊ पडतो. आणि एक केळं या वाटेला लागलं की त्याच्या गॅसनं शेजारची फणी पण लागते. व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये हेच मुद्दाम करतात, बाहेरून इथिलीन सोडून, कारण त्यांना आपल्या सोयीनं, आपल्या तारखेला माल पिवळा हवा असतो. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमात त्यासाठी १०० पीपीएमपर्यंत इथिलीन चालतं, कॅल्शियम कार्बाइड चालत नाही. तर हे काम खरेदीदार माल पोचल्यावर स्वतःच्या चेंबरमध्ये करणार होता. रीफरमध्ये १३-१४ डिग्रीला ठेवतात ते एवढ्यासाठीच की वाटेत केळं झोपून राहावं, त्याहून खाली नेलं तर साल काळपटते, वर गेलं तर जागं होतं. म्हणून ‘ग्रीन अँड राइप’ हे वाचून त्याला वाटलं की साल अजून हिरवी दिसतेय पण आत प्रोसेस सुरू झालीये, आणि असा माल समुद्रावर काढणं म्हणजे तिकडे पिवळा चिखल उतरवून घेणं. पोराला वाटलं ‘ग्रीन’नं ‘राइप’ला सांभाळून घेतलंय, समोरच्याला मात्र ‘राइप’मुळे ‘ग्रीन’वरचाच विश्वास उडाला.

यात मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची, की हा फरक आबांना माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळतो. सावद्याहून रेल्वेच्या वॅगननं दिल्लीला केळी जायची तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. मी त्यांना विचारलं की आबा, दिल्लीवाला फोनवर विचारायचा तेव्हा काय सांगायचे तुम्ही? म्हणले, "माल भरेल आहे का विचारे तो, भरेल आहे म्हणे मी. पक्का तर त्याच्याइथी जाऊन होये." म्हणजे भरलेला एक आणि पिकलेला एक, दोन वेगळे शब्द आबांच्या तोंडात आयुष्यभर आहेतच, आणि योगायोग असा की इंग्रजी बोलणाऱ्या जुन्या केळीव्यापाऱ्यांच्यात पण घडाची प्रत ‘थ्री-क्वार्टर फुल’, ‘फुल’ अशीच सांगायची पद्धत होती, म्हणजे पाऊण भरलेला, पूर्ण भरलेला. पोरानं काकांचा ‘भरेल’ उचलला असता तर ‘मॅच्युअर’पर्यंत सरळ पोचला असता. पण त्या दिवशी आबा घाईत ‘पिकेल’ म्हणले आणि डिक्शनरीनं बाकीचं काम केलं. डिक्शनरीला तरी काय बोलणार, दोन्ही शब्दांपुढे ‘पिकलेला, पक्व, परिपक्व’ असंच लिहिलेलं असतं, आणि ‘पिकणे’ हे ‘पक्व’मधूनच आलेलं असल्यामुळे मराठीच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीकडे घर एकच.

मी पोराला दोन्ही शब्दांची व्याख्या सांगत बसलो नाही, एक साधी गोष्ट करायला लावली. दोन्ही शब्द उलटे कर म्हणलं. राइपचं उलटं अनराइप, मॅच्युअरचं उलटं इम्मॅच्युअर. आता सांग, अनराइप केळं पाठवलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? "घेईल की सर, तेच तर पाहिजे त्याला." आणि इम्मॅच्युअर पाठवलं तर? थोडा वेळ फोनवर शांतता, मग, "शिव्या देईल, कोवळा माल आहे म्हणेल, चेंबरमध्ये टाकला तरी नीट पिकणार नाही, सुरकुतेल." झालं ना मग, म्हणलं. सरळ रूपात दोन्ही एकमेकांना चिकटलेले वाटतात, उलटं केल्यावर एकाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याला शिव्या. त्याच्या मालाचं पूर्ण वर्णन एका वाक्यात मावत होतं, मॅच्युअर बट अनराइप. युरोपियन युनियनच्या २०११ च्या, २०२४ अखेरपर्यंत लागू असलेल्या केळ्यांच्या नियमात पहिलीच अट ‘ग्रीन अँड अनरायपन्ड’ अशी होती, आणि कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं, केळ्यांचं १९९७ चं स्टँडर्ड पण हिरव्या अवस्थेतल्या केळ्यांसाठीच आहे आणि त्यात ‘फिजिऑलॉजिकल मॅच्युरिटी’ योग्य टप्प्याला आलेली असावी असं म्हणलंय. दोन्हीकडे केळं किमान १४ सेंटिमीटर लांब आणि २.७ सेंटिमीटर जाड धरलंय. म्हणजे खरेदीदारानं ‘मॅच्युरिटी’ विचारली तेव्हा तो उगाच जड शब्द फेकत नव्हता, धंद्याचा ठरलेला शब्द वापरत होता.

नवा मेल असा गेला: द फ्रूट वॉज हार्वेस्टेड मॅच्युअर, ॲट अबाउट थ्री-क्वार्टर फुल. इट इज हार्ड, ग्रीन अँड अनराइप. खाली कॅलिपरचे फोटो, गराचे फोटो, टेंपरेचर. त्यात पोराला मी ‘हार्वेस्टेड’ मुद्दाम टाकायला लावलं, कारण मॅच्युरिटी ही कापतानाच ठरून जाते, केळं झाडावरून उतरलं की ते आणखी भरत नाही, आणि वाक्यातच तो क्षण बांधलेला बरा. संध्याकाळी हिरवा कंदील आला, रात्री कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघाला.

इथे प्रकरण संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

माल तिकडे उतरला आणि दोन दिवसांनी क्लेम आला. काही बॉक्समधल्या फण्या हिरव्याच्या पिवळसर झालेल्या, व्यापारी ज्याला टर्निंग म्हणतात तसल्या, रंगाच्या १ ते ७ च्या चार्टवर २-३ च्या आसपास. आणि क्लेमच्या पत्रात पहिलाच मुद्दा, युवर ओन मेल डेटेड अमुक स्टेट्स दॅट द फ्रूट वॉज राइप ॲट लोडिंग. म्हणजे तुम्हीच लिहून दिलंय की माल भरतानाच राइप होता, नंतर तुम्ही शब्द फिरवला, आता पूर्ण कंटेनरवर सूट द्या. कंटेनरमध्ये दीड हजाराच्या घरात बॉक्स असतात, प्रत्येकात साडेतेरा किलोच्या आतबाहेर माल, तुम्हीच हिशोब करा.

आबा तापले. "मी तं पिकेल म्हणलो सर, वावरात पिकेल. खायले पिकेल कुठी म्हणलो?" पोरगा गप्प. मला खरेदीदाराचा राग आला नाही खरं सांगायचं तर, त्याच्या जागी कोणीही तो मेल जपून ठेवला असता.

पण आता शब्दांवर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आता बॉक्स का वळले ते शोधायचं होतं, आणि मजा म्हणजे तो शोध पण याच दोन शब्दांच्या मधल्या फटीत अडकलेला निघाला. टर्निंग होऊन पोचलेल्या केळ्यामागे ढोबळ तीन शक्यता. एक, भरतानाच रायपनिंग सुरू झालेलं होतं, म्हणजे राइप ॲट लोडिंग, मग दोष पॅकहाउसचा आणि इथिलीन सगळीकडे फिरलेलं असणार म्हणून संशय अख्ख्या कंटेनरवर. दोन, वाटेत थंडावा तुटला, मग बिल शिपिंगवाल्याच्या नावावर. तीन, काही घड कापतानाच जास्त भरलेले होते, ओव्हर-मॅच्युअर, असं केळं लोड करताना हिरवं आणि कडकच असतं, कोणत्याही अर्थानं राइप नसतं, पण त्याची हिरवं राहण्याची मुदत कमी असते, बाकीचे झोपलेले असताना ते लवकर जागं होतं. तिसऱ्यात पण दोष पॅकहाउसचाच, पण तेवढ्याच बॉक्सपुरता. तीन विशेषणं, तीन वेगळे खिसे.

कंटेनरमधल्या टेंपरेचर लॉगरची रीडिंग मागवली, ओळ साडेतेराच्या आसपास सपाट, म्हणजे शिपिंगवाला सुटला. मग पोराला सांगितलं की वळलेल्या बॉक्सवरचे कोड मागव. या पॅकहाउसला एक चांगली सवय आहे, कोणत्या शेताचा माल कोणत्या बॉक्समध्ये गेला त्याचा शिक्का मारतात. कोडचे फोटो आले तर जवळजवळ सगळे एकाच शेताचे. आबांनी त्या शेतकऱ्याला फोन लावला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. त्याची कटाई आठवडाभर आधी ठरली होती, पण लग्नसराई, कटाईची माणसं कोणी वऱ्हाडात कोणी हळदीला, त्यात मेचं ऊन, अशा उन्हात केळी झपाट्यानं भरते. कापायला आले तेव्हा खालच्या फण्या ठीक होत्या, वरच्या फण्या, ज्या आधी निसवतात आणि आधी भरतात, त्या गोल झालेल्या. पॅकहाउसमध्ये कॅलिपर बहुतेक मधल्या फणीला लावला गेला असणार. शेतकरी म्हणाला, "भाऊ, माल जास्त भरेल व्हता, पण हिरवा कच्चा व्हता." ओव्हर-मॅच्युअर बट अनराइप, इंग्रजी एक अक्षर न येता माणसानं तंतोतंत सांगितलं.

उत्तराचा मसुदा करताना पोरगा म्हणाला की ओव्हर-मॅच्युअर लिहिलं तर आपण दोष कबूल केल्यासारखं होईल, त्यापेक्षा नुसतं ‘नॉट राइप’ लिहून सोडू. मला ते पटलं नाही आणि आबांनाही पटलं नाही. नुसतं नाकारलं असतं तर पहिला मेल आणि तिसरा मेल एकमेकांसमोर उभे राहिले असते आणि तिसरा खोटा वाटला असता. उलट खरा आणि अरुंद शब्द लिहिला की दोष तेवढ्याच जागेत बसतो. पत्रात तीन गोष्टी गेल्या. पहिल्या मेलमधला ‘राइप’ हा मॅच्युरिटीच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आलाय, त्याच वाक्यात ‘ग्रीन’ आहे, आणि लोडिंगच्या आधीच दुरुस्ती आणि फोटो गेलेत. एका शेताचा माल ओव्हर-मॅच्युअर ॲट हार्वेस्ट होता, त्याचे कोड हे. आणि बाकी बॉक्स अजून पूर्ण हिरवे आहेत असं तुमच्याच फोटोत दिसतंय, माल राइप ॲट लोडिंग असता तर ते तसे राहिले नसते. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात भारी पडला, कारण तो शब्दाचा नव्हता, गॅसचा होता.

खरेदीदारानं थोडी घासाघीस केली आणि त्या कोडच्या बॉक्सपुरती कपात मान्य केली. त्यानं अजून एक अट घातली, पुढच्या प्रत्येक लोडिंगला वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही फण्यांचं कॅलिपर. आबा सुरवातीला कुरकुरले, मग म्हणले बरोबरच आहे त्याचं.

नंतर पोराला हे दोन शब्द सगळीकडे दिसायला लागले आणि त्याचे मेसेज सुरू झाले. एलआयसीची पॉलिसी मॅच्युअर होते, राइप का नाही होत? म्हणलं तिथे मुदत भरते, कोणी ती खात नाही. मग टाइम इज राइप कसं चालतं? तिथे आता हात घातला तर मिळेल असा भाव आहे, उचलायला तयार. राइप ओल्ड एज? ते ठरलेलंच बोलणं, आणि कौतुकानं म्हणतात. माणसाला मॅच्युअर म्हणलं तर शहाणा, समजूतदार. चीजला मात्र दोन्ही चालतात, मॅच्युअर चेडर पण असतं आणि राइप ब्री पण, पहिलं ठेवून ठेवून कडक आणि तिखट झालेलं, दुसरं मऊ पडून आत्ता खाण्यासारखं झालेलं, म्हणजे तिथेही फरक पार पुसला गेलेला नाही. बघायला गेलं तर मॅच्युअर शब्द मागे बघतो, वाढ पुरी झाली का ते, आणि राइप आत्ताकडे बघतो, वापरायला तयार आहे का ते. हे मी नियम म्हणून सांगत नाही, केळी, पपई, आंबा, पेरू, टमाटे अशा झाडावरून उतरल्यावर पिकणाऱ्या मालात हे चोख बसतं, म्हणून आपल्या भागात कामाचं आहे.

सगळ्या फळांना ते बसत नाही हे पण त्याला लगेचच कळलं. त्याच्या ओळखीतल्या पाचोऱ्याकडच्या एकाला मोसंबीची चौकशी आली होती आणि त्यानं पोराला विचारलं की काय लिहू, तर यानं मोठ्या आत्मविश्वासानं ‘मॅच्युअर बट अनराइप’ लिहून दिलं. नशीब पाठवायच्या आधी मला दाखवलं. मोसंबी, द्राक्ष, डाळिंब ही फळं तोडल्यावर पुढे पिकत नाहीत, जेवढी गोडी झाडावर आली तेवढीच, इथिलीन दिलं तर मोसंबीच्या सालीचा हिरवा रंग जाईल पण रस होता तसाच राहील. तिथे अनराइप म्हणजे आंबट माल, आणि तो तिकडे जाऊन गोड होणार नाही. त्याला सांगितलं दोन्ही शब्द खोड, साइझ लिही, सालीचा रंग लिही, आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजून आकडा टाक.